पिलारबाईंना दिलेला होकार

प्रवासवर्णन लिहायचं तर माणसानं दूर कुठंतरी जाऊन यावं लागतं. मी गेले ते घरापासून फार तर शंभर किलोमीटर. वेरूळ, देवगिरी, अजिंठा. हे सगळं तुम्ही शाळेच्या सहलीत पाहिलं असेल, पाव्हण्यांना दाखवलं असेल. पण ते स्पॅनिशमधून पाहिलं नसेल. मी पाहिलं, आणि चारही दिवस पोटात गोळा घेऊन पाहिलं. आधीच सांगते, मी भित्री आहे. फोन वाजला तरी आधी दचकते, मग उचलते.

चिकलठाणा

डिसेंबरची सकाळ होती. विमानतळाच्या बाहेर पाटी धरून उभी होते. पाटीवर स्पॅनिशमध्ये स्वागताचं एकच वाक्य होतं आणि ते मी इतक्यांदा तपासलं होतं की आता ते चूकच वाटायला लागलं होतं.

शेंद्र्याच्या एका कंपनीत मी स्टोअरमध्ये होते. मुकुंदवाडीहून कंपनीच्या बसनं जाता-येता चार वर्षं स्पॅनिश केलं. शिकवणाऱ्या बाई पुण्याच्या, शिकवणी ऑनलाइन. बाई व्याकरणाच्या कडक. आज शंभर वाक्यं भूतकाळात, उद्या तीच भविष्यात, परवा गाळलेल्या जागा. खिडकीतून ज्वारीची शेतं जायची आणि मी क्रियापदांची रूपं पुटपुटायचे. शेजारच्या सीटवरच्या मावशींनी एकदा आईला गाठून विचारलं होतं, पोरीला काही त्रास आहे का म्हणून.

कागदावर मी पहिली यायचे. बोलायचं म्हटलं की पहिल्याच शब्दाला अडायचे.

लेण्यांचा अभ्यास झाला, गाईडचा परवाना हातात आला आणि मी कंपनीचा राजीनामा दिला. ट्रॅव्हल एजन्सीच्या जोशी साहेबांनी सरळ सांगितलं होतं, "पाच जणांचा ग्रुप आहे, चार दिवस. त्यांचा अन्द्रेस नावाचा माणूस बरोबर असेल. तो बरं म्हणाला तर या सीझनचे सगळे स्पॅनिश ग्रुप तुमचे. नाही म्हणाला तर मग बघू."

आपल्याकडे 'मग बघू' म्हणजे काय, ते मला कुणी शिकवायला नको होतं. शेंद्र्याला माझ्या टेबलावर तोवर दुसरी मुलगी बसली होती.

ड्रायव्हर रफिकभाई गाडीला टेकून माझ्याकडे बघत होते. "मॅडम, चेहरा कायकू उतरा तुमचा? परीक्षेकू आये क्या? मेहमान आयेंगे, देखेंगे, जायेंगे. टेन्शन नक्को लेव."

मेहमान आले. चाळिशीचा अन्द्रेस, एक जोडपं, सारखे फोटो काढणारे एक निवृत्त मास्तर आणि सगळ्यांच्या मागून काठी टेकत पिलारबाई. सत्तरी ओलांडलेल्या, उन्हानं रापलेल्या, ताठ. त्या स्पेनच्या उत्तरेकडच्या डोंगरी मुलखातल्या. जन्मभर पाड्यापाड्यांवर पायी टपाल वाटलेलं. एकेकानं येऊन माझ्या दोन्ही गालांना गाल लावले. हे होणार ते मला पुस्तकातून माहीत होतं, पण रफिकभाईंच्या समोर होणार हे डोक्यात आलं नव्हतं. ते एकदम टायरमधली हवा तपासायला लागले.

गाडी जालना रोडला लागली आणि मागं भांडण पेटलं. पाचही जण एकदम, वरच्या पट्टीत. सामान हरवलं असणार, नाहीतर हॉटेल आवडलेलं नसणार. बऱ्याच वेळानं एकेक शब्द लागत गेला आणि कळलं, बटाट्याच्या ऑम्लेटमध्ये कांदा घालावा की घालू नये यावर चाललं होतं. माझी छाती मात्र हॉटेल येईपर्यंत धडधडत होती.

त्या संध्याकाळपासूनच मी 'सी, सी' सुरू केलं. सी म्हणजे हो. समजलं तरी सी, नाही समजलं तरी सी. यात मला काही वावगं वाटत नव्हतं. आमच्या घरात मोठं माणूस बोललं की आधी हो म्हणायचं आणि काय म्हणालं ते मागाहून धाकट्यांत विचारून घ्यायचं. कंपनीतही तेच. सुपरवायझर सांगून गेला की आधी 'यस सर', मग शेजारच्या टेबलाला कोपर मारायचं. समजलं नाही असं तोंडावर म्हणणं म्हणजे तुम्हाला सांगता येत नाही असं म्हणण्यासारखं. पाव्हण्याला कोण असं म्हणेल? या पाच जणांत कोपर मारायला मात्र शेजारचं टेबल नव्हतं.

मुकुंदवाडी

दुसऱ्या दिवशी दुपारी कार्यक्रमात 'स्थानिक घरी जेवण' होतं. जोशी साहेबांनी विचारलं तेव्हा मी भीतीपोटी आमचंच घर सांगून बसले होते. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांग्याचं भरीत, डाळ. आई सकाळपासून चुलत्याच्या घरून ताटं आणत होती. बुद्धांच्या फोटोला ताजा हार घातला होता. मी सारखी दारात.

"लई घाबरती तू," आई म्हणाली. "त्यांना कुठं मराठी येतंय? ते घाबरले का?"



पाव्हणे दारात बूट काढून आत आले, सतरंजीवर जमेल तसे बसले. मागून रेल्वे गेली, ताटं थरथरली, मास्तरांनी त्याचाही फोटो काढला. सगळं छान चाललं होतं, तेवढ्यात आईनं पिलारबाईंच्या ताटात दुसरी भाकरी वाढायला हात पुढं केला. पिलारबाई म्हणाल्या, "नो."

नुसतं नो. हसणं नाही, ताटावर हात आडवा धरणं नाही, 'पोट लई भरलं हो' नाही. आईनं नेहमीप्रमाणे भाकरी वाढली. पिलारबाईंनी भाकरीकडे पाहिलं, मग आईकडे, मग माझ्याकडे.

"मी नको म्हणाले. त्यांना ऐकू आलं नाही का?"

माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. हे वाक्य नेमकं मला स्वच्छ समजलं होतं. मी जुळवून जुळवून सांगितलं, आमच्याकडे पाव्हणा पहिल्यांदा नको म्हणतोच, म्हणून पुन्हा विचारायचं असतं.

"म्हणजे तुमच्याकडे नको म्हणजे नको नाही," त्या म्हणाल्या. "आणि हो?"

सगळे माझ्याकडे बघत होते. अन्द्रेससुद्धा.

"हो म्हणजे हो," मी म्हणाले.

पिलारबाईंनी मान डोलावली, भाकरीचे दोन तुकडे केले आणि एक आईच्या ताटात ठेवला. आई मला म्हणाली, "बाई कडक हाय, पर मनाची साफ हाय."

वेरूळ

वेरूळबद्दल मी फार लिहिणार नाही, कारण मी ते पाहिलंच नाही. कैलास लेण्यासमोर उभी राहून पाठ केलेली वाक्यं एका दमात म्हणत होते आणि नजर पाच तोंडांवर. कोण तोंड उघडतंय? कोण प्रश्न विचारणार? डोंगर वरून खाली कोरत आणलाय, हे सांगताना एरवी माझ्या अंगावर काटा येतो. त्या दिवशी आला तो मास्तरांनी हात वर केला म्हणून. त्यांना स्वच्छतागृह कुठं आहे ते विचारायचं होतं.

देवगिरीच्या अंधाऱ्या वाटेत पाठीमागून वटवाघळं फडफडली तेव्हा मी किंचाळले. गाईडनं किंचाळायचं नसतं. जोडप्यातली बाई घाबरून मला बिलगली आणि अन्द्रेसनं मोबाईलचा उजेड पाडून दोघींना बाहेर काढलं. तो काही बोलला नाही. म्हणून मला जास्तच भीती वाटली.

जेवायचं त्यांचं वेळापत्रक वेगळं. दुपारचे तीन वाजले तरी भुकेचं नाव नाही, आणि रात्री आपण आडवे व्हायच्या वेळेला त्यांचं काय-काय मागवू सुरू. त्या दिवशी उशिरा जेवायला बसलो. शहरातला मटणाचा नान-खलिया मागवला. पिलारबाई माझ्या शेजारी होत्या. नानाचा तुकडा मोडता मोडता त्यांनी काहीतरी विचारलं, माझ्याकडे रोखून बघत. मी म्हणाले, "सी, सी." त्यांच्या भुवया वर गेल्या आणि त्या जेवायला लागल्या. पलीकडून अन्द्रेसनं हसून सांगितलं, "तुला आमची भीती वाटते का, असं विचारत होत्या."

अजिंठा

खाली फर्दापूरला गाडी लावून तिथून बसनं लेण्यांकडे जावं लागतं. रफिकभाई खाली थांबले. सहली आल्या होत्या, पोरांचा कालवा, पहारेकऱ्यांच्या शिट्ट्या. लेण्यांच्या आत मंद उजेड, आणि अंधारात माणसाला बोलायला जरा बरं वाटतं. पद्मपाणीच्या चित्रासमोर माझी दोन वाक्यं पाठांतराबाहेरची आली. अन्द्रेस म्हणाला, "छान." माझ्या पोटातला गोळा पहिल्यांदा सैल झाला.

दुपार कलल्यावर बाकीचे एका लेण्यात होते आणि मी बाहेर कट्ट्यावर पाणी पीत होते. पिलारबाई आल्या, शेजारी टेकल्या आणि बोलायला लागल्या. त्यांच्या मुलखाची बोली शब्दांच्या शेपट्या तोडणारी, भराभर पळणारी. समोरून शाळेची एक रांग गाणं म्हणत चाललेली. पिलारबाईंनी काठी उचलून दरीपलीकडे काहीतरी दाखवलं. मला 'गाडी' आणि 'पाच' एवढे दोन शब्द लागले, बाकी सगळं वाहून गेलं. शेवटी त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून विचारलं, "ठीक?"

"सी, सी," मी म्हणाले. "नक्की."

त्या खूश होऊन उठल्या आणि गर्दीत गेल्या. मला वाटलं, गाडी पाचला आहे का असं विचारलं असेल. आहेच की.

लेणी बंद व्हायची वेळ झाली. दाराशी चौघे जमले. पाचव्या नाहीत. आधी वाटलं, मागून येत असतील. मग वाटलं, स्वच्छतागृहात असतील. मग पहारेकरी एकेका लेण्यात डोकावून परत आला. "आत कुनी नाय मॅडम. समदी लेणी मोकळी."

पिलारबाई मोबाईल हॉटेलातच ठेवायच्या.

अन्द्रेसचा चेहरा पांढरा पडला होता. त्यानं मला विचारलं, "तुला काही बोलल्या का?"

"नाही," मी म्हणाले.

हे मी का म्हणाले ते मला आजही सांगता येत नाही. तोंडातून निघून गेलं. आणि निघून गेल्यावर मला तो कट्टा आठवला, ती काठी आठवली, आणि काठीच्या टोकापलीकडची टेकडी. घोड्याच्या नालासारखी वळलेली ती दरी, अलीकडच्या कड्यात लेणी, पलीकडच्या माथ्यावर व्ह्यू पॉइंट. पहारेकऱ्याला बाजूला घेतलं.

"दादा, समोर वरपर्यंत गाडी जाते का?"

"व्हय, जाती की. हितून नाय. घाट चढून वर, अजिंठ्याकडं, फाटा हाय." मग तो थांबला. "येक गोरी म्हातारी काठी घिऊन पूल वलांडताना पायली म्या. म्हनलं, असंल कुनी बरूबर."

बरोबर कुणी नव्हतं. बाई नदीचा पूल ओलांडून पलीकडची टेकडी चढून गेल्या होत्या, वर पाच वाजता गाडी पाठव असं मला सांगून. आणि मी नक्की म्हणाले होते.

वरचा फाटा

त्या वाटेनंच खाली परत आल्या तर, म्हणून अन्द्रेस बाकीच्यांना घेऊन लेण्यांच्या दाराशी थांबला. मी बसनं खाली आले, रफिकभाईंच्या शेजारी बसले. घाटात ऊन फक्त वरच्या कड्यांवर उरलं होतं. पठारावर आलो तर कापसाच्या शेतातून बायका घरी निघाल्या होत्या. रस्ता उखडलेला. रफिकभाईंनी एकदाच विचारलं, काय झालं ते. मी सांगितलं. ते गप्प झाले, आणि ते गप्प झालेलं मला सहन होईना. चिकलठाण्यापासून ते कधी गप्प नव्हते.

माझ्या डोळ्यांपुढं एकच दिसत होतं. कडा. तिथं कठडा आहे, पण सगळीकडे नाही. वाट बघून कंटाळलेली म्हातारी अंधार पडतोय म्हणून त्याच पायवाटेनं उतरायला निघाली असेल तर? पायवाट दगडांची, घसरडी. मी आयुष्यात पुष्कळ भ्याले आहे, पण ती माझी स्वतःची भीती होती: मला रागावतील, मला हसतील. दुसऱ्याच्या जिवाची भीती ही पहिलीच. ती छातीत नाही, दातांत असते. माझे दात वाजत होते.

गाडी थांबायच्या आधी मी उतरले. चणे-पेरूवाले दुकानं आवरून गेलेले. दोन माकडं. आणि कड्यापासून जरा आत एका दगडावर पिलारबाई, काठी मांडीवर आडवी, मुठीतले शेंगदाणे एकेक करून खात. समोरच्या लेण्यांकडे बघत होत्या.

"आलीस," त्या म्हणाल्या. "उशीर झाला. मला वाटलं, गाडीचं चाक पंक्चर झालं."

मी त्यांच्यासमोर खालीच बसले. रफिकभाई मागून येऊन हळूच म्हणाले, "मिल गये ना मॅडम? बस. अब कुछ नक्को बोलो. पूछे तो बोलना, ऐसाच प्लॅनिंग था." ते माझ्या भल्याचंच सांगत होते. खरंच, कुणालाच काही कळलं नसतं. अन्द्रेसला सांगायचं, बाईंनी मला सांगितलं होतं, घाईत माझ्या डोक्यातून गेलं. सीझन माझा.

"तुम्हाला भीती नाही वाटली?" मी विचारलं.

"कशाची? तू हो म्हणालीस ना." त्यांनी उरलेले शेंगदाणे माझ्या हातावर ठेवले. "तुमच्याकडे हो म्हणजे हो."

शेंगदाणे माझ्या घामेजल्या तळव्याला चिकटले. चार वर्षं घोटलेले सगळे काळ, सगळी रूपं एकाएकी पुसली गेली. जे उरलं ते मी वर्तमानकाळात बोलले. "मला समजत नाही. मी हो म्हणते. समजत नाही, तरी हो म्हणते."

त्यांना आधी कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं. मग त्यांनी हळूहळू विचारलं, "म्हणजे कुणी येणार नव्हतं?"

"नाही."

"मी इथं आहे, हे कुणालाच माहीत नव्हतं?"

"नाही."

त्यांनी दरीकडे पाहिलं. खालची वाट आता दिसत नव्हती, लेण्यांची तोंडं काळी झाली होती. उठायला म्हणून त्यांनी काठी टेकली, आणि त्यांना उठता येईना. इतका वेळ एकटी निवांत बसलेली ती बाई आता, मी आल्यावर, घाबरली. तिनं माझं मनगट धरलं. हात बर्फासारखा होता.

परतीची वाट

माझा फोन मिळाल्यावर दाराशी थांबलेले चौघे फर्दापूरच्या गाडीतळावर आले होते. तिथं मी अन्द्रेसला सगळं सांगितलं, माझ्या तोंडून निघालेल्या त्या 'नाही'सकट. तो मला रागावला असता तर बरं वाटलं असतं. तो फक्त "असं" म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला.

पिलारबाईंनी मला शेजारी बसवून घेतलं. मनगट सोडलं नाही. सिल्लोड आल्यावर त्या बोलायला लागल्या, अगदी साधं. त्यांच्या गावाबद्दल, बर्फात हरवलेल्या एका माणसाबद्दल, टपालाच्या पिशवीबद्दल. प्रत्येक वाक्यानंतर थांबून विचारायच्या, "समजलं?" पहिल्यांदा सवयीनं मी सी म्हणाले. त्यांनी मनगट दाबलं. "काय समजलं? सांग."

सांगता येईना.

"मग?"

"समजलं नाही," मी म्हणाले. लाजेनं मान वर होत नव्हती. त्यांनी तेच वाक्य पुन्हा सांगितलं. मग पुढचं. फुलंब्री गेलं, शहराचे दिवे आले, आणि मी किती वेळा नाही म्हणाले ते मोजायचं सोडून दिलं. पुण्याच्या बाईंनी चार वर्षं माझ्याकडून पुष्कळ वाक्यं करून घेतली होती. हे एक कधी करून घेतलं नव्हतं.

पुन्हा चिकलठाणा

सकाळी विमानतळाच्या वाटेवरच जोशी साहेबांचा फोन आला. दचकले, उचलला. अन्द्रेसनं सगळं खरं-खरं कळवलं होतं.

"या सीझनला तुम्हाला एकटीला ग्रुप देता येणार नाही," साहेब म्हणाले. "मोठ्या गाईडबरोबर मागं राहा, शिका. पुढचं मग बघू."

"हो साहेब," मी म्हणाले. मग लगेच म्हणाले, "साहेब, नीट समजलं नाही. पुढच्या सीझनला देणार, की देणारच नाही?"

मला असं विचारताना त्यांनी कधी ऐकलं नव्हतं, मीही नव्हतं.

"देईन," ते म्हणाले. "पण वर्षभर मागं राहावं लागेल. पगार गाईडचा नाही, मदतनिसाचा."

हे समजलं. वाईट वाटलं, डोळ्यांत पाणी आलं, रफिकभाईंनी आरसा दुसरीकडे फिरवला.

दाराशी सगळ्यांनी गालाला गाल लावले. अन्द्रेसनं हात मिळवला, फक्त हात. पिलारबाई शेवटी आल्या, काठी काखेत धरून, आणि एक लांबलचक वाक्य बोलल्या. मागं रांग खोळंबली होती, शिपाई घाई करत होता.

"समजलं नाही," मी म्हणाले.

त्यांनी पिशवी खाली ठेवली. रांगेकडे पाठ केली आणि पहिल्यापासून, एकेक शब्द सुटा करून सांगितलं: रात्री डोळा लागला नाही. डोळे मिटले की ती टेकडी दिसत होती आणि कुणी येत नव्हतं. टपाल वाटताना जन्मभर एकटी हिंडले, कधी भ्याले नाही, आता ही भीती घेऊन घरी जावं लागतंय. मी तुझ्यावर रागावलेली आहे, आणि हा राग पुष्कळ दिवस राहील. तू सांगितलंस, ते बरं केलंस, पण राग आहे.

"समजलं?"

"सगळं समजलं," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं, खरंच समजलंय का ते बघायला. मग पिशवी उचलली आणि आत गेल्या.